काड्या भरलेल्या, कॉल लागेना

ज्यांच्या घरात वीस वर्षांपूर्वी मोबाइल आणि कॉम्प्युटरचे स्पीकर एकाच टेबलावर असायचे, त्यांना तो आवाज अजून आठवत असेल. फोन वाजायच्या क्षणभर आधी स्पीकरमधून ‘टर्र टक-टक टर्र’ असं काहीतरी यायचं आणि घरातलं कोणीतरी म्हणायचं, ‘फोन येतोय बघ.’ आणि खरंच यायचा. त्यामागचं कारण साधं होतं. जीएसएमच्या म्हणजे टूजीच्या फोनला सलग बोलायची मुभा नसते. सुमारे ४.६ मिलिसेकंदांच्या वेळाचे आठ तुकडे पाडलेले असतात आणि त्यातल्या एकाच तुकड्यात फोनने बोलायचं असतं. म्हणजे सेकंदाला साधारण २१७ वेळा तो जोरात बोलणार आणि गप्प बसणार. स्पीकरच्या वायरीने हे धक्के पकडले की २१७ हर्ट्झचा गुरगुराट आपल्याला ऐकू यायचा.

पण आवाजापेक्षा त्याची वेळ महत्त्वाची. घंटा वाजायच्या आधीच फोनचं बोलणं सुरू झालेलं असायचं. टॉवरने हाक मारली, फोनने ओ दिली, ओळख पटवली, बोलायला जागा मागितली, ती मिळाली, आणि मग कुठे घंटा वाजली. फोन आणि नेटवर्क यांच्यात चालणाऱ्या बोलण्यातला बराच भाग आपला नसतोच. तो त्यांचा आपापसातला कारभार असतो. कॉल मध्येच तुटणं, नेट अडकणं, रेंज असून फोन न लागणं, या आपल्या बहुतेक तक्रारींचं मूळ लहरींच्या ताकदीपेक्षा या कारभारात असतं. तो स्क्रीनवर दिसत नाही. दिसतात त्या काड्या, आणि काड्यांवर विसंबण्यासारखं फार काही नाही.

मुळातली अडचण जुनीच आहे. हवेत लहरींना जागा कमी, बोलणारे फार. १९४७ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत डग्लस रिंग यांनी एका अंतर्गत टिपणात उपाय मांडला. सगळ्या शहरासाठी एकच उंच, ताकदवान मनोरा उभारण्याऐवजी प्रदेशाचे लहान लहान षटकोनी तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाला कमी ताकदीचं केंद्र द्यायचं. मग एका तुकड्यात वापरलेल्या लहरी थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या तुकड्यात पुन्हा वापरता येतात. या तुकड्यांना ‘सेल’ म्हटलं गेलं आणि ‘सेल फोन’ तिथूनच आला. कल्पना प्रत्यक्षात यायला तीन दशकं लागली. ३ एप्रिल १९७३ ला मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातातल्या फोनवरून पहिला कॉल केला, तोही प्रतिस्पर्धी बेल प्रयोगशाळेतल्या जोएल एंगल यांना. आपल्याकडे ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला तेव्हाचे दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला. पुढे कित्येक वर्षं येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. म्हणून ‘मिस्ड कॉल’ देणं ही एक स्वतंत्र भाषाच आपल्याकडे तयार झाली, पण तो या लेखाचा विषय नाही.

आता फोन चालू केल्यावर काय होतं ते पाहू. आधी तो फक्त ऐकतो. ठरलेल्या पट्ट्यांमधून एकेक चाळत तो टॉवरने सतत पाठवत असलेल्या ओळखीच्या खुणा शोधतो. खूण सापडली की आधी तिच्याशी आपलं घड्याळ जुळवून घेतो, कारण वेळ जुळल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही. मग टॉवर सगळ्यांसाठी प्रसारित करत असलेली माहिती वाचतो: हे नेटवर्क कोणाचं, हा भाग कुठला, बोलायचं असेल तर कधी आणि कुठल्या लहरीवर. इथपर्यंत फोनने तोंडातून शब्दही काढलेला नसतो. काड्या दाखवायला मात्र एवढं पुरेसं असतं. किती सिग्नलला किती काड्या, याचा जगात कुठलाही नियम नाही. प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीने ठरवते. शेजारी ठेवलेल्या दोन फोनवर वेगवेगळ्या काड्या दिसल्या तर सिग्नल वेगळा असेलच असं नाही.

आता फोनला बोलायचं आहे, पण टॉवरला तो अजून माहीतच नाही. त्यामुळे टॉवर त्याला वेळ नेमून देऊ शकत नाही. पाळी मागायची तर बोलावं लागतं, आणि बोलायला आधी पाळी लागते. या पेचातून वाट काढली ती हवाई विद्यापीठातल्या नॉर्मन अब्रामसन यांनी. बेटाबेटांवरची टर्मिनल रेडिओने जोडण्यासाठी त्यांच्या गटाने १९७१ मध्ये अलोहानेट सुरू केलं. नियम असा की ज्याला बोलायचं त्याने सरळ बोलून टाकावं. दोघांचं एकमेकांवर आदळलं तर दोघांनी थोडं थांबून, वेगवेगळ्या आणि यदृच्छेने ठरलेल्या वेळाने, पुन्हा बोलावं. आजचा फोनही पहिली हाक अशीच मारतो. फोरजीत प्रत्येक सेलला अशा हाकांचे ६४ नमुने असतात. फोन बहुधा त्यातला एक निवडतो आणि पाठवतो. त्याच क्षणी दुसऱ्या कोणी तोच नमुना पाठवला असेल तर टक्कर होते. मग थांबायचं, थोडा आवाज वाढवायचा, पुन्हा प्रयत्न करायचा.

आषाढीला पंढरपुरात, विसर्जनाच्या रात्री गिरगावात किंवा मोठ्या सामन्यानंतर स्टेडियमबाहेर ‘काड्या भरलेल्या, कॉल लागेना’ असं होतं ते इथेच. टॉवरचं बोलणं सगळ्यांना स्वच्छ ऐकू येत असतं, म्हणून काड्या पूर्ण. पण हजारो फोन एकाच दारावर थाप मारत असतात, आणि ज्यांची हाक पोहोचते त्यांना द्यायला रिकामी जागा नसते. अशा वेळी पुन्हा पुन्हा डायल करणारा माणूस गर्दीत भरच घालतो. कंपन्या चाकांवरचे तात्पुरते टॉवर आणून उभे करतात ते लहरी दूर जाव्यात म्हणून नव्हे. सेल लहान व्हावा आणि तीच जागा जास्त वेळा वापरता यावी म्हणून.

काड्या दिसत असूनही फोन न लागण्याचं दुसरं कारण याहून कमी लोकांना माहीत असतं. टॉवर दहा वॅट किंवा त्याहून जास्त ताकदीने बोलतो. फोरजीचा फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटने. म्हणजे टॉवरचं बोलणं फोनपर्यंत येतं, पण फोनचं टॉवरपर्यंत जाईलच असं नाही. काड्या मोजतात ते फक्त टॉवरकडून येणारं बोलणं. घाटातल्या एखाद्या वाडीत फोन एक-दोन काड्या दाखवतो, पण व्हॉट्सॲपवर फोटो काही जात नाही, त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं. अशा ठिकाणी फोन आपल्या पूर्ण ताकदीनिशी ओरडत राहतो आणि संध्याकाळच्या आत बॅटरी संपते.

टूजीत अंतराचीही एक मजेशीर मर्यादा होती. लांबच्या फोनचं बोलणं प्रवासात वेळ जाऊन उशिरा पोहोचतं आणि शेजारच्या तुकड्यावर आदळतं. म्हणून टॉवर फोनला ‘थोडं आधी बोल’ असं सांगतो. हे ‘थोडं आधी’ ० ते ६३ अशा पायऱ्यांत मोजलं जातं आणि एक पायरी साधारण ५५० मीटरची. म्हणजे सुमारे ३५ किलोमीटरला गणित संपलं. किनाऱ्यावरच्या डोंगरावरचा टॉवर उघड्या समुद्रात त्याच्याही पुढे ऐकू जाऊ शकतो, पण साध्या मांडणीत त्या हद्दीपलीकडच्या बोटीवरून टूजीचा कॉल जोडला जात नाही, सिग्नल कितीही स्वच्छ असला तरी. फोरजीत ही हद्द शंभर किलोमीटरपर्यंत नेता येते.

दार उघडलं की प्रश्न येतो ‘तू कोण?’ हा भाग मला सगळ्या व्यवस्थेत सर्वात देखणा वाटतो. सिम कार्डात आपला मोबाइल नंबर हा कळीचा मुद्दा नसतोच. त्यात असतो एक १५ अंकांपर्यंतचा वेगळा क्रमांक, भारतात ४०४ किंवा ४०५ ने सुरू होणारा, आणि एक गुप्त किल्ली. तीच किल्ली कंपनीच्या केंद्रीय नोंदवहीत असते, तिसरीकडे कुठेही असायला नको असते. नेटवर्क एक यदृच्छ संख्या पाठवतं. सिम ती संख्या आणि किल्ली मिळून एक हिशोब करतं आणि फक्त उत्तर परत पाठवतं. कंपनी आपल्याकडे तोच हिशोब करून उत्तर ताडून पाहते. किल्ली हवेत कधीच जात नाही, फोनलाही ती दिसत नाही. त्याच हिशोबातून पुढच्या संभाषणाची कुलपं तयार होतात.

आपला दहा अंकी नंबर या क्रमांकाशी जोडलेला असतो तो कंपनीच्या नोंदवहीत. म्हणूनच कंपनी बदलून नंबर तोच ठेवता येतो. २० जानेवारी २०११ पासून ही सोय देशभर आहे. आणि म्हणूनच सिम बदलून घेण्याची फसवणूकही शक्य होते. चोर सिममधलं काहीच फोडत नाही. तो तुमच्या नावाने नवं सिम काढतो, नोंदवहीतली जोडणी बदलते आणि बँकेचे ओटीपी त्याच्या हातात जातात. तंत्र पक्कं असूनही काउंटरवरची तपासणी ढिली असेल तर उपयोग शून्य. फोनची रेंज अचानक पूर्ण गेली आणि शेजारच्याची त्याच कंपनीची रेंज शाबूत असेल, तर आधी बँकेला कळवा, मग कंपनीला.

टूजीत एक मोठी चूक राहिली होती. नेटवर्क फोनला ओळख विचारायचं, फोन नेटवर्कला विचारायचा नाही. जो कोणी ‘मी टॉवर’ म्हणेल त्यावर विश्वास. त्यातून खोटे टॉवर जन्माला आले. सरकारी यंत्रणांनी ते पाळतीसाठी वापरले आणि आता ठगही वापरतात. २०२४ मध्ये लंडन आणि बँकॉकमध्ये अशी यंत्रं वापरून आसपासच्या फोनांवर खोटे एसएमएस पाठवणाऱ्यांना पोलिसांनी पकडलं. यंत्र आधी फोनला टूजीवर खाली ओढतं आणि मग हवं त्या नावाने संदेश घुसवतं. थ्रीजीपासून ओळख दोन्ही बाजूंनी पटवली जाते. फाइव्हजीत तर सिमचा कायमचा क्रमांकही कंपनीच्या किल्लीने झाकूनच पाठवता येतो. पण फोन टूजीवर घसरायला तयार असेपर्यंत हे जुनं खिंडार उघडंच राहतं. अलीकडच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये टूजी बंद करायची सोय आहे. शहरात राहणाऱ्याने आणि फोरजीवरून कॉल लागत असणाऱ्याने ती जरूर वापरावी. जिथे टूजीच तेवढं मिळतं तिथे मात्र नको.

नोंदणी झाली की फोन पुन्हा गप्प. खिशातला फोन टॉवरशी सतत बोलत असतो हा समज चुकीचा आहे. तसं असतं तर बॅटरी कितीतरी लवकर संपली असती. तो बहुतेक वेळ झोपलेला असतो आणि सेकंद-दोन सेकंदांनी क्षणभर जागा होऊन आपल्याला हाक आहे का ते ऐकतो. या अवस्थेत कुठला टॉवर ऐकायचा हे फोनच ठरवतो आणि टॉवर बदलला तरी कोणाला कळवत नाही. अनेक टॉवर मिळून एक विभाग केलेला असतो. विभाग बदलला की फोन वर्दी देतो. त्यामुळे कॉल आला की नेटवर्कला आपला टॉवर माहीत नसतो, विभाग तेवढा माहीत असतो. मग एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखी सगळ्या विभागभर हाक घातली जाते आणि ज्याची हाक आहे तो तेवढा उठतो. विभाग मोठे केले तर हाका वाढतात, लहान केले तर वर्द्या वाढतात. विभागाची सीमा रेल्वेमार्गावर आली तर गर्दीची लोकल ती ओलांडते तेव्हा हजारो फोन एकदम वर्दी द्यायला धावतात. या सीमा कुठे आखायच्या ही मुंबईसारख्या शहरात डोकेदुखीच असते.

कॉल चालू असताना मात्र सत्ता नेटवर्ककडे जाते. फोन शेजारच्या टॉवरचे सिग्नल मोजून कळवत राहतो. शेजारचा अमुक इतका जास्त आणि अमुक इतका वेळ जास्त राहिला की नेटवर्क हुकूम सोडतं, ‘तिकडे जा’. द्रुतगती मार्गावर हे काही मिनिटांनी एकदा तरी घडतं आणि आपल्याला पत्ता लागत नाही. हुकूम घाईने दिला तर फोन दोन टॉवरमध्ये चेंडूसारखा उडतो. उशिरा दिला तर हुकूम पोहोचायच्या आधीच जुना टॉवर डोंगराआड जातो आणि कॉल तुटतो. बोर घाटात एकाच वळणावर दर वेळी कॉल तुटत असेल तर दोष फोनचा नाही. तिथली शेजारच्या टॉवरांची यादी किंवा आकडे बहुधा कोणीतरी नीट बसवलेले नाहीत.

प्रत्यक्ष माहितीच्या देवघेवीचा कळस म्हणजे फोरजीतली वाटणी. २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचे १०० तुकडे, आणि दर मिलिसेकंदाला नव्याने ठरवायचं की कुठला तुकडा कोणाला. प्रत्येक फोन आपल्याला किती स्वच्छ ऐकू येतं ते ० ते १५ मधल्या एका आकड्याने कळवत राहतो. स्वच्छ ऐकू येत असेल तर टॉवर एकेका खुणेत सहा किंवा आठ बिट कोंबतो, गोंगाट असेल तर दोनच. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये सिद्ध केलं होतं की पट्ट्याची रुंदी आणि गोंगाट ठरले की वेगाची कमाल मर्यादाही ठरली. तिच्यापलीकडे कोणी जाऊ शकत नाही. आजची व्यवस्था त्या मर्यादेच्या बरीच जवळ आली आहे. त्यामुळे नवी पिढी आली की वेग वाढतो तो चातुर्याने थोडा, आणि जास्त रुंद पट्टे, जास्त अँटेना, जास्त टॉवर यांनी बराच.

यात एसएमएसची गोष्ट वेगळी. तो कारभाराच्याच वाटेवरून जातो. तिथे १४० बाइट एवढीच जागा होती. रोमन अक्षराला सात बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सोळा बिट, म्हणून ७०. त्यात काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. ‘शुभेच्छा’ लिहिलं की आठ गेली. शिवाय सुरुवातीच्या बऱ्याच फोनमध्ये देवनागरी उमटतच नसे. एक पिढी मराठी रोमनमध्ये लिहायला शिकली त्यामागे आळशीपणाइतकंच हे गणितही होतं.

टूजी आणि थ्रीजीत आवाजासाठी वेगळी वाट राखलेली होती. फोरजीत ती काढूनच टाकली. आता आवाजही इतर माहितीसारखा, सेकंदाला ५० पाकिटं करून जातो. ज्या फोनला किंवा नेटवर्कला ते जमत नाही तिथे कॉल आला की फोन धावत टूजी-थ्रीजीवर उतरतो. कॉल चालू असताना वरचं ‘फोरजी’ गायब होऊन ‘ई’ दिसायचं ते यामुळे. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं तेच टूजीशिवाय. मग बाकीच्यांनाही आवाज फोरजीवर आणावा लागला. १ ऑक्टोबर २०२२ ला फाइव्हजी आलं तेव्हा एअरटेलने सुरुवातीला ते फोरजीच्या खांद्यावर बसवलं, जिओने स्वतंत्र उभं केलं. वापरणाऱ्याला स्क्रीनवर दोन्ही सारखीच दिसतात. फाइव्हजीसाठी २६ गिगाहर्ट्झचा पट्टाही विकला गेला, मिलिमीटर लहरींच्या उंबरठ्यावरचा. अशा लहरींवर जगदीशचंद्र बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात प्रयोग केले होते. पण या लहरी भिंतीसमोर आणि झाडाच्या पानांसमोरही हात टेकतात, त्यामुळे सामान्य ग्राहकाच्या रोजच्या वापरात त्यांचं अप्रूप एवढ्यात वाटावं असं काही दिसत नाही.

वायफायबद्दल थोडक्यात. तिथे मालक नाही, परवाना नाही, पाळी वाटणारा कोणी नाही. ‘आधी ऐका, शांत असेल तर बोला’ एवढाच शिष्टाचार. म्हणून मोठ्या सोसायटीत प्रत्येक फ्लॅटचा राउटर एकमेकांसाठी थांबून राहतो. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे मार्ग तीनच आहेत: १, ६ आणि ११. शक्य तिथे पाच गिगाहर्ट्झ वापरावं. पासवर्ड टाकल्यावर तो हवेतून जात नाही, सिमसारखाच इथेही दोन्हीकडे हिशोब होतो. बिनपासवर्डच्या वायफायला ही कवचकुंडलं नसतात.

आपल्याकडे पावसाळ्यात ‘पाऊस लागला की रेंज जाते’ असं कोकणात सर्रास म्हणतात. वस्तुस्थिती खरी, कारण चुकीचं. ९०० किंवा १८०० मेगाहर्ट्झच्या लहरींना पावसाचं फारसं सोयरसुतक नसतं. जातं ते टॉवरच्या मागचं. वीज जाते, बॅटरी संपते, डिझेल घेऊन माणूस घाट चढू शकत नाही. रस्ता खचला की फायबर तुटते. फायबर नसेल तिथे टॉवर मायक्रोवेव्ह तबकडीने पुढच्या टॉवरला जोडलेला असतो, आणि त्यातल्या वरच्या, दहा गिगाहर्ट्झपलीकडच्या लहरींना मुसळधार पाऊस खरोखरच गिळतो. मग टॉवर उभा असतो, काड्या दिसतात, पण तो टॉवर स्वतःच जगापासून तुटलेला असतो. बिनतारी म्हणवणाऱ्या या व्यवस्थेत हवेतला पल्ला बहुतेकदा शेवटच्या दोन-चार किलोमीटरचाच. बाकी सगळं तारेवर, विजेवर आणि रस्त्यावर अवलंबून.

टॉवर वाढवा हे त्यावरचं ठरलेलं उत्तर, पण हवा सगळ्यांचीच असते. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण. ही जागा निवडली गेली त्यात रेडिओ गोंगाट कमी असणं हे एक कारण होतं. तिच्या निरीक्षणाच्या टप्प्यात मोबाइलचे ९०० मेगाहर्ट्झही येतात. आकाशगंगेपलीकडून येणाऱ्या कुजबुजीपुढे गावातला टॉवर म्हणजे भोंगाच.

पिढी बदलली की सरकार आणि कंपन्या वेगाचे आकडे पुढे करतात, आणि आपणही तेच विचारतो. विचारायला हवं ते निराळंच. आमच्या टॉवरला फायबर आहे का? त्याची बॅटरी किती तास चालते? गर्दीच्या वेळी त्याच्यावर किती फोन असतात? डोंगराळ तालुक्यातल्या ग्रामसभेने एवढी माहिती मागितली तरी नव्या ‘जी’च्या उद्घाटनापेक्षा जास्त पदरात पडेल.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांसाठी एक शेवटचं. स्क्रीनवर ‘फक्त आणीबाणीचे कॉल’ असं दिसलं म्हणजे फोन निकामी झाला असं समजू नका. तुमच्या कंपनीचा टॉवर नाही, पण दुसऱ्या कोणाचा तरी ऐकू येतो आहे, आणि आणीबाणीच्या कॉलसाठी फोन तो वापरू शकतो. अशा वेळी घरच्यांचा नंबर फिरवत बॅटरी जाळू नका. उंच, मोकळ्या जागेवर या आणि ११२ लावा.